इस्त्रीच्या टेबलाशी

सुनेने तर कमालच केली. सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये गेल्याबरोबर घरच्या लॉन्ड्रीतल्या माणसांचा मोबाइलवर ग्रुप काढला आणि वर म्हणते कशी, "आई, आता दुकानात कशाला येता? इथूनच ओरडा."

सासूबाईंनी फणकाऱ्याने ओरडायला तोंड उघडलं, तोच ग्रुपवर इस्त्रीवाल्याचा निरोप आला. "आई, तुम्ही अशा समोर उभ्या राहिलात की हात थरथरतो हो."

खाली आत्ताच काढलेला फोटो होता. इस्त्रीच्या टेबलाशी, कमरेवर हात ठेवून, धडधाकट दोन्ही पायांवर सासूबाईच उभ्या होत्या.

दुसऱ्या फोटोत त्यांनी मान वळवून थेट इकडे पाहिलं होतं.

सुनेच्या हातून कप निसटला. सासूबाईंचे डोळे लकाकले.

"मला दुकानात जाऊ देत नव्हतीस ना? आता या फोटोतलीला घरी आणून दाखव!"