न जाणवलेली ठिणगी

ताई तावातावाने तपासणीच्या खोलीत शिरली आणि तिने धाकट्या बहिणीला सरळच विचारलं, माझ्या कामात खोट काढणारी तू कोण?

दोघी एकाच कारखान्यात. ताई जोडणीच्या टेबलावर, तर धाकटी इथे, बिघडून परत आलेल्या वस्तू उघडून बघायला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे श्वास मोजणारं एक यंत्र इस्पितळातून परत आलं होतं. बाळाला लावलेलं असतानाच ते बंद पडलं. नर्स शेजारीच उभी होती म्हणून निभावलं. आतल्या सर्किटवर ताईचा शिक्का होता.

ताईचं म्हणणं, आपल्या हातून असं होणं शक्यच नाही. अंगावर साठलेली स्थिर वीज जमिनीत जावी म्हणून मनगटाला तारेचा पट्टा बांधायचा, हे नव्या मुलींना तीच शिकवते. हां, फारच काचला तर घडीभर काढते कधी. पण झटका म्हणून कधी बसला नाही. बसला असता तर कळलं नसतं का?

धाकटीने वाद घातला नाही. खुर्ची पुढे सरकवली आणि मायक्रोस्कोपचा पडदा सुरू केला.

नखाएवढ्या चिपच्या पोटात रेषाच रेषा होत्या. रेषांच्या खाली आणखी बारीक रेषा, त्यांच्याखाली आणखी. ताईने आजवर अशा किती चिपा बसवल्या असतील, त्याला गणती नव्हती. आत काय असतं ते मात्र ती आज पहिल्यांदा पाहत होती. भांडायला आलोय हे ती विसरूनच गेली.

"हे सगळं त्या काळ्या टिकलीत असतं?"

धाकटीने चित्र आणखी मोठं केलं. एका रेषेच्या कडेला भोक होतं. भोवतालचा धातू वितळून थिजला होता.

"आपल्याला झटका जाणवायला हजारो व्होल्ट लागतात, ताई. ह्याला शंभरही पुरतात. पट्टा काढलेला असताना तू नुसतं बोट लावलं असशील."

ताईने हळूच विचारलं, असं होतं तर ते तेव्हाच बंद का नाही पडलं? इथून तर तपासून गेलं होतं.

धाकटी म्हणाली, सगळ्या तपासण्यांत ते पास झालं. ही जखम घेऊनच इस्पितळात गेलं आणि कित्येक महिने, एकामागून एक, बाळांचे श्वास मोजत राहिलं. एकही चुकवला नाही. आतून मात्र रोज थोडं थोडं जळत होतं.

"एवढं होरपळून?"

"एवढं होरपळून."

ताई उठून पडद्याजवळ गेली.

"मला जाणवलं नाही," ती म्हणाली, "आणि ह्यानं सांगितलं नाही."

त्या भोकाकडे तिने बोट नेलं. काचेला टेकणार, तेवढ्यात तिने ते मागे घेतलं.