दिवाणखान्यातली काच

“ऊन काचेवर यायच्या आत ही एवढी उरकू दे, मग चहा,” मास्तर स्टुलावरूनच म्हणाले.

ही एवढी म्हणजे दिवाणखान्याची. घरातली सगळ्यात मोठी, अख्खी एकच काच. बाकीच्या खिडक्या केव्हाच पुसून झाल्या होत्या.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर मास्तरांनी घरातली कामं एकेक करून पाहिली. स्वयंपाकात बोटं भाजली, बागेत पाठ धरली. काचा मात्र त्यांच्या हाताला मानवल्या. आधी कोरड्या ब्रशनं धूळ काढायची. मग कोमट पाण्यात साबणाचे चार थेंब. जास्त घातला की फराटे उठलेच म्हणून समजा. मग वायपर, आणि दर ओढीला त्याचं रबर पुसायचं. आतून उभा हात, बाहेरून आडवा. म्हणजे फराटा राहिलाच, तर तो कुठल्या बाजूचा हे लगेच कळतं. ही युक्ती आपली स्वतःची आहे, असं मास्तर येईल त्याला सांगत. बायको तेवढ्या वेळात दुसरं काहीतरी काम शोधी.

पण आज गंमत नव्हती. आज अक्का जेवायला येणार होत्या.

अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. जन्मभर एका मोठ्या हॉटेलात साफसफाईवर देखरेख केलेली बाई. हाताखालच्या मुली त्यांची चाहूल लागली तरी चळचळा कापायच्या. मास्तरांचं लग्न ठरलं, तेव्हा चारचौघांत त्या म्हणाल्या होत्या, “मुलगा बरा आहे. पण घरातली काडी इकडची तिकडे करायचा नाही.” सगळे हसले होते. मास्तरही हसले होते. पण ते वाक्य जिव्हारी लागलं ते लागलंच. केस पिकले तरी सल गेला नव्हता. आज त्यांना अक्कांच्या तोंडून एक बरा शब्द हवा होता.

“झालं!” मास्तर खाली उतरले, दोन पावलं मागे गेले आणि मान तिरपी करून बघत राहिले. त्यांची छाती फुगली. “आता मी दाढी-आंघोळ उरकतो. हिला कुणी बोट लावायचं नाही.”

“मी कशाला लावतेय? पडदा तेवढा अडकवते,” बायको म्हणाली.

न्हाणीघरात मास्तरांनी नळ सोडला आणि मोठ्यानं गाणं धरलं. दाढीही निवांत केली, दोनदा साबण लावून. बाहेर आले तेव्हा बायको दिवाणखाना झाडत होती.

“अगं, सकाळीच झाडलंस ना?”

“अक्का यायचीय. पुन्हा झाडलं तर काय बिघडलं?”

तिच्या अंगठ्याला पट्टी होती. सुरी लागली म्हणे. आणि समोरच्या भिंतीचा सोफा तिनं एकटीनं ओढून खिडकीला भिडवला होता.

“हा इकडे कशाला?”

“मध्ये सोफा असला की काचेपर्यंत कुणाचा हात पोचायचा नाही,” ती खाली बघत म्हणाली.

मास्तरांना भरून आलं. इतकी वर्षं संसार झाला, पण आपल्या कामाची हिला एवढी कदर आहे हे त्यांना आजच कळलं. काहीतरी बोलावं असं वाटलं, पण तेवढ्यात बेल वाजली.

“अक्का, चपला राहू दे पायात. फरशी गार पडलीय,” बायकोनं दारातच सांगितलं.

अक्का बसल्याच नाहीत. “ऐकलं, भावोजी काचा पुसायला लागले. बघू तरी!” म्हणत त्या थेट आतल्या खोलीत गेल्या. काचेवर तोंडाची वाफ सोडली, डोळे बारीक केले. “कोपऱ्यात साबण राहिलाय.”

स्वयंपाकघरातल्या काचेशी त्या वाकल्या. “इथं रबर पुसायला विसरलात.”

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

मग त्या दिवाणखान्यात आल्या. सोफ्याच्या अलीकडेच थांबल्या. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, मान वाकडी करून उजेडाच्या रेषेत बघितलं.

“भावोजी,” अक्का सावकाश म्हणाल्या, “अशी काच आमच्या हॉटेलात मला एकीकडूनही मिळाली नाही. एक फराटा नाही, एक डाग नाही. मी हरले.”

“काहीतरीच काय, अक्का!” मास्तर म्हणाले, पण हसू त्यांच्या ओठांत मावेना.

“खरंच. पुढच्या आठवड्यात माझ्याकडे या. माझ्या सुनेला दाखवा कसं करतात ते. तिला वाटतं तिलाच सगळं येतं.” अक्का सोफ्यावर गुडघा टेकवायला गेल्या. “जरा जवळून बघते.”

“अक्का, चहा!” बायको जवळजवळ किंचाळलीच. “गार होतोय. इकडे बैस, या खुर्चीवर.”

अक्का बसल्या. मास्तरही समोर बसले, आणि कपाला तोंड न लावताच त्यांनी उभा हात, आडवा हात सगळं समजावायला घेतलं. अक्का चक्क मान डोलवत ऐकत होत्या. अक्का! मास्तरांना वाटलं, लग्न ठरताना हसलेले ते सगळे आज इथं असायला हवे होते.

तेवढ्यात शेजारच्यांचं मांजर बाहेरून खिडकीवर चढलं.

“आता ठसे उमटवणार बेटं,” अक्का म्हणाल्या. “हाकला त्याला.”

“राहू दे हो,” मास्तर ऐटीत म्हणाले. “उमटू देत. तुमच्यादेखत पुन्हा पुसून दाखवतो.”

बायकोनं डोळे मिटून घेतले. मांजरानं तिघांकडे एकदा नीट बघितलं, पुढचा पाय उचलला, आणि खिडकीतून सरळ आत येऊन ते सोफ्याच्या पाठीवर अंग चाटत बसलं.