वीतभर फळी

"पाय कापा," मोनिका म्हणाली.

कानिफनाथ सुतारानं कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा कानावर ठेवली. पाथर्डीच्या बाजारतळामागच्या त्याच्या शेडमध्ये तो पाळणा आठ दिवस गिऱ्हाइकाची वाट बघत उभा होता. तीन बाजूंना गज, एक बाजू मोकळी, पाय बरोबर पलंगाच्या उंचीचे. मोकळी बाजू पलंगाला भिडवली की निजल्या जागेवरून आईचा हात बाळापर्यंत पोचतो. नगरच्या कुठल्याशा दवाखान्यात बघून आल्यावर त्यानं तो बनवला होता.

"पाय कापल्यावर पलंगाला लागंल कसा?"

"पलंग कुठाय? फडावरच्या पाचटाच्या कोपीत भुईवरच निजतो आमी."

बाहेर ट्रकनं हॉर्न दिला. ट्रकमध्ये भांडी, सरपण, शेळ्या आणि अकरा कोयते चढून बसले होते. ऊसतोडीला निघालेल्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. बारावा कोयता मोनिका आणि वैजनाथ. वैजनाथ ड्रायव्हरशेजारी बसून मुकादमाचे फोन घेत होता. दिवस मावळायच्या आत कारखाना गाठायचा होता.

मोनिकानं गजांच्या मध्ये बोटं घालून पाहिली. तीन गेली, चौथं अडलं. ते तिला पटलं. मग आतली मऊ गादी उचलून तिनं बाजूला ठेवली.

"ही नको. अंगणवाडीच्या ताई म्हनल्या, अंथरून घट्ट पायजे. उशी न्हाई, चिंध्या न्हाई."

"ताईला म्हनावं, ये ऊस तोडायला," लंकाबाई म्हणाल्या. मोनिकाच्या या सासूबाई दीड महिन्याच्या नातीला खांद्यावर घेऊन दारातल्या ओंडक्यावर बसल्या होत्या. "माझी चार झाली, कोपीतच. लुगड्याची झोळी बास हुती. ह्यो खुराडा कोंबड्यास्नी बरा."

मोनिकाला तीनच ठाऊक होती. वैजनाथ आणि त्याच्या दोन बहिणी. सासूबाई मोजायला चुकल्या, असं तिला वाटलं.

"झोळी दिवसाची, आत्याबाई. फडात बांधू की. मी रातचं म्हनते."

"रातचं आईच्या कुशीत. तुला काय कूस न्हाई व्हय?"

मोनिकानं दाराकडे पाहिलं. वैजनाथ ऐकण्याच्या अंतरावर नव्हता.

"गेल्या साली उशाची भाकर कुत्र्यानं नेली. टोपलं उलथं केलं, फडकं फाडलं. मला सकाळी कळलं. तोडून आल्यावर मी निजत न्हाई आत्याबाई, मढं हुतं माझं." तिनं त्यांच्या खांद्यावरच्या पोरीकडे पाहिलं. "औंदा उशाला भाकर न्हाई. ही हाय."

कानिफनाथला दोघींच्या मध्ये काहीतरी बोलावंसं वाटलं. "मग मधी घ्या की पोरीला. हिकडं तू, तिकडं वैजनाथ."

"मधी नको."

लंकाबाई इतक्या झटक्यानं बोलल्या की खांद्यावरची पोर दचकून रडायला लागली. त्यांनी तिला थोपटलं नाही. उठून मोनिकाच्या हातात दिली.

"काप पाय," त्या सुताराला म्हणाल्या. "चार बोटं ठिव. मुंग्या लागत्यात."

कटर चार वेळा किंचाळला. दर वेळी तो थांबला की मागून हॉर्न ऐकू यायचा. मोनिका पोरीला हलवत एकदा दाराशी जायची, एकदा पाळण्याशी यायची.

पाळणा भुशावर टेकवला तेव्हा लंकाबाईंनी पदर खोचला, कोपऱ्यातलं गोणपाट ओढून मोकळ्या बाजूला अंथरलं आणि पाळण्याकडे तोंड करून सरळ त्यावर आडव्या झाल्या.

"डाव्या कुशीवरच पाजतीस ना गं?"

"व्हय."

त्यांनी डोळे मिटले. अंग सैल सोडलं आणि तशाच पालथ्या कलंडल्या. आधी दंड आत गेला, मग खांदा, मग छातीचा सगळा भार मोकळ्या बाजूवरून पाळण्याच्या कोऱ्या लाकडावर आला. जिथं पोरीला ठेवायचं होतं, तिथंच.

"हितं आडवी फळी मार," लंकाबाई म्हणाल्या.

कानिफनाथनं चार बोटांची पट्टी धरली. लंकाबाई पुन्हा कलंडल्या. कोपर पट्टीवरून आत पडलं.

"वर घे."

सहा बोटांची धरली. खांदा अडला, पण मान आत लोंबली.

"अजून वर."

वीतभर फळीला खांदा ठक्कन आदळला आणि तिथंच थांबला. मोनिकानं भुईला बसून फळीवरून हात आत घालून पाहिला. तळवा लाकडाला लागला. पोरीच्या छातीवर हात ठेवता आला असता.

कानिफनाथनं खिळे ठोकले आणि फळी हलवून बघितली. "झालं. उठा आजी, तुमचा ट्रक जायाचा."

लंकाबाई उठल्या नाहीत.

"मी पडते ती जागेपनी पडते," त्या म्हणाल्या. "जागं मानूस सोताला सावरतंय. मोने, तू लोट मला."

मोनिकानं पोरीला एका हातावर धरून दुसऱ्या हातानं त्यांच्या पाठीला धक्का दिला. फळी हलली नाही.

"आसं न्हाई. पोरगी त्याच्याकडं दे. दोनी हातांनी."

सुतारानं हातातला हातोडा खाली ठेवून पोरीला घेतलं. मोनिका गुडघ्यांवर बसली. सासूबाईंच्या पाठीची हाडं लुगड्यातून तिच्या तळव्यांना लागत होती. तिनं लोटलं. फळी करकरली, पण जागची हलली नाही. बाहेर वैजनाथ हाका मारत होता, "आये, चला की आता."

"अजून," लंकाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "झोपंतलं मानूस लई जड असतं."