बोटीशिवायचा समुद्र

बायकोने खोडरबर उचललं आणि नवऱ्याने काढलेली बोट पुसायला घेतली.

"अगं, काय करतेस? धुराडं बघ किती ताठ आलं होतं!" म्हातारा खलाशी खुर्चीतून अर्धा उठला.

"मी आंघोळीला गेले तेवढ्यात साधलंत ना?" ती म्हणाली. "तुमची बोट तुमच्या कागदावर काढा."

कागद वहीच्या पानाएवढा होता. भाजी चिरायच्या फळीवर चारही कडांना चिकटपट्टी लावून तिने तो ताणून बसवला होता. रंगांचा डबा नातीने वापरून टाकलेला. त्यातला लाल खरवडून संपला होता, निळा मात्र भरपूर होता. ब्रश एकच. शेजारी पाण्याचे दोन पेले आणि पुसायला नवऱ्याच्या जुन्या बनियनचा बोळा.

भांडण कागदाचं नव्हतं, भिंतीचं होतं. बाहेरच्या खोलीच्या चारही भिंती नवऱ्याच्या होत्या. बोटींचे फोटो, कप्तानाशेजारी उभं राहून काढलेला फोटो, निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ. परवा त्यातली एक चौकट पडून फुटली आणि एक जागा मोकळी झाली. तिथे माझं चित्र लागेल, असं तिने सांगून टाकलं. सगळ्या संसारात तिने भिंत अशी कधी मागितली नव्हती. नवरा म्हणाला, लाव की, पण त्यात बोट हवी. खलाशाच्या घरात नुसतं पाणी टांगलं तर आल्यागेल्याने काय म्हणायचं?

"वहिनी, बोट जमत नाही असं सरळ सांग ना," चहा पीत बसलेली नणंद म्हणाली. "नाचता येईना, अंगण वाकडं. दादा आयती काढून देतोय तर तुझं नाक वर!"

"माझं नाक आहे तिथेच आहे. तू चहा पी, गार होतोय."

तिने स्वच्छ पाण्याने कागद ओला केला. वर फिकट राखाडी आभाळ उतरवलं. खाली निळा सोडला, तो आपोआप पसरत गेला. पांढरा रंग डब्यात नव्हताच. जिथे लाटेचा फेस हवा तिथे कागद कोरा सोडायचा, हे ती कागद नासवून नासवून शिकली होती. मग तिने बरणीतून चिमूटभर मीठ घेतलं आणि ओल्या निळ्यावर भुरभुरलं.

"अगं बाई! आता चाखूनही बघ," नणंद हसली.

"मग काय, अळणी समुद्र काढू?"

मिठाने जागोजागी रंग शोषला. पाण्यावर बारीक चमक उठली. नणंदेने कप बाजूला ठेवला आणि मान पुढे काढली. नवराही चष्मा लावून वाकला. समुद्र खरा उतरला होता, हे त्याच्या तोंडावर दिसलं. म्हणूनच त्याला राहवेना. त्याने टेबलावरची पेन्सिल पुन्हा उचलली.

"लहानशी काढतो. अगदी लांब, कडेला. ठिपक्याएवढी."

तिने फळी स्वतःकडे ओढून घेतली. "ठिपकाही नाही."

"हट्टाला काही सुमार? दादाचा नसला तरी त्याच्या बोटीचा मान ठेव," नणंद म्हणाली.

"मान ठेवायला तीन भिंती पुरेत. ही चौथी माझी."

नवऱ्याचा आवाज चढला. "उभा जन्म समुद्रावर काढलाय मी! तू मला समुद्र शिकवणार? बोटीशिवायचा समुद्र मी एकदाही पाहिलेला नाही!"

"कसा पाहाल? तुम्ही बोटीत होतात."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. मग आवाज उतरवून विचारलं, "आणि तू कुठे पाहिलास?"

तिने ब्रश धुतला. बनियनच्या बोळ्यावर टिपला. आज पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे नीट मान वर करून पाहिलं.

"धक्क्यावर. बोट लहान लहान होत जायची, मग तिचा ठिपका व्हायचा, मग तोही बुडायचा. बाकीच्या बायका कधीच घरी गेलेल्या असायच्या. पोरं 'चल, चल' म्हणून माझा हात ओढायची. तुम्ही गेल्यावर तिथे जे उरायचं ना, ते काढलंय मी."