ईस्टरच्या प्रभुभोजनातली अटक

“भाकर घ्यायला तो दोन्ही हात पुढे करेल. तेव्हाच धरायचं,” उपनिरीक्षक सलोमी उजागरे म्हणाली. दोन खुनांतला फरारी याकोब ईस्टरच्या प्रभुभोजनाची पवित्र भाकर घ्यायला गावच्या चर्चमध्ये येणार, अशी खबर होती. त्याच्या कमरेला कायम पिस्तूल असे.

“त्याला खाऊ दे, मग धरू,” तिचा सहकारी शिमोन म्हणाला. दुसऱ्या गावच्या पाळकाचा मुलगा तो.

“आणि त्याने तुला गोळी घातली तर?”

“तर लग्न पुढे ढकलू.”

ती हसली नाही. दोघांच्या लग्नाला तीन आठवडे उरले होते. शेवटी तिचंच म्हणणं ठरलं. शिमोनने याकोबशेजारी गुडघे टेकायचे आणि मागून ती खोकली की झडप घालायची.

याकोब आला. वेदीसमोर त्याने ओंजळ पुढे केली, पाळकांनी तीत भाकरीचा तुकडा ठेवला. ओंजळ थरथरत होती. सलोमीने ती पाहिली आणि तिला खोकता आलं नाही.

याकोबने तुकडा खाल्ला, डोळे मिटले. मग त्याचा उजवा हात सदऱ्याखाली शिरला. शिमोनने तो तिथेच मनगटाशी पकडला. सलोमीने आपल्या पिस्तुलाला हात घातला.

यातलं काहीच ठाऊक नसलेले पाळक आता शिमोनपुढे येऊन थांबले. याकोबचं मनगट सोडता येत नव्हतं, म्हणून त्याने एकच हात पुढे केला. पाळक क्षणभर घुटमळले, मग त्यांनी त्यावर भाकर ठेवली.

“खाऊन घ्या, साहेब,” याकोब हळूच म्हणाला, “मी थांबतो.”