खणणाऱ्याचा द्रोण

मानमोडीचा ताप डोंगरात शिरला, तेव्हा कोंडी मोळी विकायला चौक गावाला गेली होती. तिथल्या डॉक्टरनं तिला बजावलं, "दारू पिणाऱ्याच्या छातीत हा ताप लवकर शिरतो. घरात कुणाला पिऊ देऊ नकोस." कोंडीला हायसं वाटलं. तिचा नवरा शुक्रा दारूला शिवत नसे आणि त्यावरून सगळी वाडी त्याला हसत असे.

पंधरा दिवसांत वाडीतले पिणारे गडी एकेक करून आडवे झाले. धडधाकट उरला तो शुक्राच, म्हणून खड्डे खणायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. वाडीची रीत अशी, की खणणाऱ्यानं मेलेल्याच्या नावानं द्रोणभर मोहाची दारू प्यायची, नाहीतर मेलेला माघारी येतो. कोंडी आडवी आली, तर वाडीचा म्हातारा कारभारी पोशा तिच्यावर खेकसला, "तुझ्या डागदरापायी मेलेल्यांना तानेलं धाडू व्हय गं?"

नऊ दिवसांत शुक्रानं चौदा खड्डे खणले आणि चौदा द्रोण रिकामे केले. दहाव्या दिवशी त्याची छाती घरघरू लागली. पंधरावा खड्डा त्याच्यासाठी कोंडीला एकटीनं खणावा लागला.

माती लोटून झाल्यावर पोशानं खोकत खोकत भरलेला द्रोण रितीप्रमाणे तिच्या हातात दिला आणि हळहळला,



"लय उशिरा प्यायला लागला गं तुझा शुक्रा. आमच्यावानी पयल्यापासून पीत आसता, तर वाचला आसता."