गोल आधी रत्नागिरीत

“मेल्यांनी सगळ्यांना एकाच रंगाची जाकिटं घातल्यानी. त्यातला माझा कुठचा, ते कसं कळायचं?”

ताजबी पुटपुटत टीव्हीच्या इतकी जवळ सरकली होती, की मागच्यांना अर्धं मैदान तिच्या ओढणीतून बघावं लागत होतं.

गल्फ कपची मॅच होती. कुवेत आणि ओमानची, कुवेतमध्येच. एरवी या घरात फुटबॉल कुणी बघत नसे. पण ताजबीच्या मुलाला, झुबेरला, स्टेडियममध्ये ड्युटी लागली होती. त्यानेच फोनवर सांगितलं होतं: नारिंगी जाकीट, गोलच्या मागची बाजू, कॅमेरा फिरला की बघा.

कॅमेरा फिरला. त्याची मुलगी झारा “अब्बा!” म्हणून ओरडलीही. झुबेरची बायको महरीन दाराशी उभी होती, तिने नुसती मान हलवली. तो माणूस काठीसारखा ताठ उभा होता. झुबेरला उभं राहायचं तर टेकायला भिंत लागते.

महिनाभर तिला काहीतरी खटकत होतं. व्हिडिओ कॉल बंद झाले होते. विचारलं तर म्हणे कॅमेरा बिघडलाय. आवाजही दबका, शेजारी कुणी निजलं असावं तसा. महरीन हल्ली फोनवर बोलायची कमी आणि कान देऊन ऐकायची जास्त, मागे बांगड्या वाजतात का ते. वाजल्या असत्या तर बरं, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं. सवतीशी भांडता तरी येतं.

कारण झुबेरच्याच कंपनीतली पूर्णगडची दोन माणसं बॅगा घेऊन परत आली होती, कायमची. ही बातमी सगळ्या मोहल्ल्यात फिरली, यांच्याही कानावर आली, पण उंबऱ्याच्या आत कुणी ती बोलून दाखवली नाही. घराचा वरचा मजला चिऱ्यांच्या चार थरांवर अडून राहिला होता. त्याचंही कुणी नाव काढत नव्हतं. सासरे, अयूब, अंगणात बसले तरी पाठ घराकडे करून बसायचे.

फोन वाजला. झुबेरच. महरीनने स्पीकर लावला. मागे माणसांचा गलका, ढोल.

“बघताय ना गो?”

“कुठे उभा हायस रे? दिसत नायस तू!” ताजबी इकडूनच ओरडली.

“इथेच अम्मा, गोलच्या मागे. काय गर्दी हाय म्हणून सांगू!”

तेवढ्यात टीव्हीवर कुवेतच्या एकाने चेंडू जाळ्यात घातला. झाराने उडी मारून किंकाळी फोडली, ताजबीने टाळ्या पिटल्या, अयूबसुद्धा खुर्चीतून अर्धे उठले.

“काय झालं?” फोनमधून झुबेरने विचारलं. “कशाला ओरडताय?”

ताजबीच्या टाळ्या तिथेच थांबल्या. टीव्हीवर खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडत होते. आणि मग फोनमध्ये तोच गलका उसळला, तोच कॉमेंट्रीवाला तसाच लांबलचक ओरडला, आणि त्याच्यामागून झुबेर: “गोल! अम्मा, गोल झाला! बघितलास?”

झारा आईकडे बघायला लागली. आई जमिनीकडे.

“नेट हाय तो,” अयूब घसा खाकरून म्हणाले. “मागेपुढे व्हायचाच. आमच्या बोटीवरपण असंच व्हायचं.”

त्यांच्या बोटीवर नेट कधीच नव्हतं.

“हां, नेटच असेल,” महरीन म्हणाली. आपण इतक्या चटकन कसं बोललो, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. फोनमध्ये झुबेर सांगत सुटला होता: गोल कसा अगदी डोळ्यांसमोर झाला, चेंडूचा वारा कसा तोंडाला लागला, बाजूचा अरब कसा गळ्यात पडला. कुणी विचारत नव्हतं, तरी सांगत होता.

ताजबीने रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. आता मॅच फक्त फोनमध्ये वाजत राहिली. तिने महरीनच्या हातातून तो घेतला आणि अगदी तोंडाजवळ धरला.

“झुबेर, तो आवाज बारीक कर आधी,” ती म्हणाली. “नोकरी गेली ना रे तुझी?”